मेलबर्न ते उलुरू गाडीने, आई-बाबा आणि मुलांसह: तीन दिवसांत पोहोचू का?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी,

आम्ही मेलबर्नला राहतो, येऊन तीन वर्षं झाली. आई-बाबा मे महिन्यात सांगलीहून आलेत, ऑगस्टमध्ये परत जातील. बाबा ६८ वर्षांचे, तब्येत खणखणीत. आई ६४ची, गुडघे दुखतात, बीपीची गोळी चालू आहे. मुलगा ११ वर्षांचा, मुलगी ७ वर्षांची. शाळेच्या हिवाळी सुट्टीत सगळ्यांनी मिळून गाडीने उलुरूला, म्हणजे वाळवंटातल्या त्या प्रचंड तांबड्या खडकाकडे, जायचं ठरवतोय. विमानाने जाऊन येता येतं हे माहीत आहे, पण बाबांची सगळी नोकरी एसटीत, वाहतूक नियंत्रक म्हणून गेली. रस्ता बघायची हौस त्यांची आहे. आल्यापासून त्यांनी ऑस्ट्रेलियाचा नकाशा हॉलच्या भिंतीवर लावलाय आणि रोज संध्याकाळी त्यावर बोट फिरवत बसतात.

आमचा बेत असा:
पहिला दिवस: मेलबर्न ते अ‍ॅडलेड, ७३० किमी
दुसरा दिवस: अ‍ॅडलेड ते कूबर पीडी, ८५० किमी
तिसरा दिवस: कूबर पीडी ते उलुरू, ७३५ किमी

पुणे-नागपूर सातशे किलोमीटर आम्ही एका दिवसात केलेलं आहे, तेही ट्रकांच्या गर्दीतून. इथे तर रस्ता मोकळा. मी आणि बायको, दोघंही चालवतो. सात आसनी गाडी भाड्याने घेऊ आणि वाटेत सगळीकडे तंबूत राहू असा विचार आहे. कूबर पीडीहून कच्च्या रस्त्याने विल्यम क्रीकला जाऊन लेक एअर हे मिठाचं सरोवर बघून यावं का? आणि सहा माणसांचं खाण्यापिण्याचं काय करावं? ज्यांनी हा प्रवास केलाय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

---

तिकोना

आम्ही चार मित्र २०१८ मध्ये गेलो होतो, सिडनीहून. अजिबात घाबरू नका. रस्ता सगळा डांबरी, सरळ, रहदारी नाही. आलटूनपालटून चालवायचं, रात्री दहा-अकरापर्यंत गाडी हाकायची, अंतर भराभर कापलं जातं. टाकी कायम अर्ध्याच्या वर ठेवा, चिवडा आणि पाणी भरपूर घ्या. तीन दिवसांत आरामात पोहोचाल.

---

बार्शीकर

कृष्णाकाठ, तुमचं वाचलं आणि लगेच लिहायला बसलो, कारण हा बेत असाच्या असा करू नये असं मला मनापासून वाटतं.

मी मूळचा बार्शीचा, डिझेल मेकॅनिक. २००९ पासून साउथ ऑस्ट्रेलियात आहे, त्यातली सहा वर्षं पोर्ट ऑगस्टाच्या एका गॅरेजात काढली. स्टुअर्ट हायवे तिथूनच सुरू होतो आणि २७०० किलोमीटरवर डार्विनला संपतो. त्या रस्त्यावर मोडलेल्या गाड्या टोचन करून आमच्याकडे यायच्या. टायर आणि रेडिएटर, सगळ्यात जास्त हीच दोन कामं.

तिकोना म्हणतात ते रस्त्याबद्दल खरं आहे. १९८७ पासून तो पूर्ण डांबरी आहे, घाट नाही, वळण क्वचित. पण तुम्ही किलोमीटर मोजलेत, उजेड मोजला नाहीत. जुलैच्या सुरुवातीला कूबर पीडीला सव्वासातनंतर सूर्य उगवतो आणि सहाच्या आत मावळतो. म्हणजे साडेदहा तासांचा दिवस. त्यातला पहिला तास आणि शेवटचा तास गाडी चालवायचा नाही, ती कांगारूंची चरायची वेळ. राहिले साडेआठ. आईंना दर दीड तासाला खाली उतरून गुडघे मोकळे करावे लागतील, मुलांचं त्याहून लवकर. दोनदा पेट्रोल, एकदा जेवण. चाकं प्रत्यक्ष फिरतात पाच-साडेपाच तास. मर्यादा ताशी ११०ची असली तरी सरासरी ९५च्या वर पडत नाही. याचा अर्थ दिवसाला पाचशे किलोमीटर. त्याच्या पुढचं सगळं अंधारात.

आणि अ‍ॅडलेडहून निघून ८५० करायचे म्हटले तर अंधारात येणारा पट्टा नेमका ग्लेंडॅम्बो ते कूबर पीडी. अडीचशे किलोमीटर, मध्ये एकही पंप नाही, गाव नाही, फोनला रेंज नाही. पुणे-नागपूरला दर दहा-पंधरा किलोमीटरवर टपरी आहे, पंक्चरवाला आहे, कुणीतरी झोपेतून उठून येतो. इथे कुणी नाही. अंतर तेच असेल, पण प्रवास तो नाही.

कांगारू रस्त्यावरच का येतात ते सांगतो, म्हणजे पटेल. त्या भागात पाऊस नाहीच जवळपास. जो काही पडतो तो डांबरावरून वाहून कडेला मुरतो, त्यामुळे गवताची हिरवी रेघ फक्त रस्त्याच्या दोन्ही अंगांना असते. दिवसभर झुडपांखाली पडून राहिलेली जनावरं तिन्हीसांजेला तिथे चरायला येतात. दिव्यांचा झोत अंगावर पडला की बिथरतात, आणि कुठल्या बाजूला उडी मारतील याचा नेम नसतो. मोठा तांबडा नर ८०-८५ किलोचा असतो. शिवाय बऱ्याच ठिकाणी रस्त्याला कुंपण नाही, तेव्हा गुरंही मोकळी फिरतात. काळा बैल रात्री शंभरच्या वेगात दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो.

मी हे भोगलंय. २०११चा जून, दुसरंच वर्ष माझं. बायको आणि चार वर्षांची मुलगी सोबत. ग्लेंडॅम्बोच्या अलीकडचं पिंबा सोडलं तेव्हा सूर्य कलला होता. ग्लेंडॅम्बो ३० किलोमीटर राहिलं होतं, पावणेसहा वाजलेले. ‘वीस मिनिटं तर आहेत’ असं मी बायकोला म्हणालो आणि पुढच्याच मिनिटाला डावीकडून कांगारू आडवा आला. गाडी उलटली नाही, कारण मी स्टिअरिंग वळवलं नाही, सरळ ब्रेक दाबला. पण रेडिएटर आत जाऊन पंख्यात घुसला. सगळं पाणी रस्त्यावर. मेकॅनिक माणूस, हत्यारांची पेटी मागे, आणि करता येण्यासारखं काहीच नव्हतं. तासाभराने एक रोडट्रेन, म्हणजे मागे अनेक ट्रेलर जोडलेला ट्रक, थांबली. ड्रायव्हरने रेडिओवरून पुढे निरोप दिला, आम्हाला आपल्याकडचं पाणी आणि एक जाड रजई दिली. उचलायला गाडी आली ती दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला. रात्रभर पोरीला दोघांच्या मध्ये धरून बसलो होतो. पहाटे काचेला आतल्या बाजूने बर्फ धरलं होतं. तेव्हापासून माझ्या गाडीत नियम एकच आहे: चारला थांबायचं. समोर दहा किलोमीटरवर हॉटेल असलं तरी चारला जिथे आहे तिथली जागा बघायची.

तुम्हाला शाळेच्या सुट्टीचे सोळा दिवस मिळतात. मग तीनच दिवसांत का घुसवताय? माझ्या मते असं करा:

मेलबर्न-अ‍ॅडलेड दोन दिवसांत, हॉर्शमला मुक्काम. अ‍ॅडलेडला एक दिवस पूर्ण विश्रांती आणि बाजारहाट. मग अ‍ॅडलेड ते पिंबा किंवा वूमेरा, ४८० किमी. दुसऱ्या दिवशी कूबर पीडी, ३७० किमी. वाटेत लेक हार्ट लागतं, पांढऱ्या मिठाचं सरोवर, अगदी हायवेला लागून. कडेने रेल्वेचा रूळ जातो आणि नशीब असेल तर ‘घान’ गाडी जाताना दिसते. अफगाणिस्तान, बलुचिस्तान, सिंध, पंजाबातून आणलेले उंटवाले एकेकाळी या वाळवंटातली सगळी वाहतूक करायचे, त्या सगळ्यांना इथे सरसकट ‘अफगाण’ म्हणत, त्यावरून गाडीचं नाव पडलं. तुमच्या बाबांना हे नक्की सांगा. एसटीच्या माणसाला उंटांच्या वाहतुकीचं मोल कळेल.

कूबर पीडीला दोन रात्री काढा आणि तिथे तंबू नको. जमिनीखाली कोरलेल्या खोल्या भाड्याने मिळतात. १९१५ मध्ये एका चौदा वर्षांच्या मुलाला तिथे ओपल हे रत्न सापडलं आणि गाव वसलं. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो म्हणून लोकांनी टेकड्या पोखरून घरं केली. आत बाराही महिने चोवीस-पंचवीस अंश असतात, हीटर लागत नाही. आईंच्या गुडघ्यांना दोन रात्री ऊब मिळाली तर पुढचा प्रवास सुखाचा होईल. एक कळकळीची सूचना: गावाबाहेर ओपलसाठी खणलेले हजारो उघडे खड्डे आहेत, विहिरीसारखे सरळ खोल. मुलांचा हात सोडू नका आणि फोटो काढताना मागे मागे सरकू नका. तिथे तशा पाट्याच लावल्या आहेत.

तिथून एरल्डंडा ४९० किमी, मध्ये मार्ला आणि कुल्गेराला पेट्रोल. आणि शेवटी एरल्डंडाहून यूलारा २४५. उलुरूच्या राष्ट्रीय उद्यानात मुक्काम करता येत नाही, सगळी सोय यूलाराला. सुट्टीत तिथली जागा लवकर भरते, आजच आरक्षण करा.

आता गाडी. सात आसनी गाडीत सहा माणसं बसली की मागे दोन बॅगांपुरती जागा उरते. त्यात सहा जणांचे तंबू, पांघरुणं, शेगडी, पाणी बसणार नाही. टपावर लादलं तर गाडी वाऱ्यात हलते आणि पेट्रोल जास्त खाते. म्हणून म्हणतो, आई-बाबांसाठी प्रत्येक ठिकाणी केबिन घ्या, तुम्ही चौघं एका तंबूत. तंबूचा सोस मलाही आहे. मी स्वतः स्वॅगमध्ये झोपतो, म्हणजे कॅनव्हासची वळकटी, आत गादी, जमिनीवर पसरली की झालं बिऱ्हाड. पण जुलैत वाळवंटात रात्री शून्याला टेकतं. चौसष्ट वर्षांच्या माणसाला पहाटे तीनला उठून शंभर पावलं चालत स्वच्छतागृह गाठायला लावू नये.

भाड्याचा करार नीट वाचा. अंधारात गावाबाहेर गाडी चालवताना जनावर धडकलं तर विमा नाही, असं कलम बऱ्याच करारांत असतं. कच्च्या रस्त्याचंही तेच. विल्यम क्रीकचा रस्ता १६६ किलोमीटर कच्चा. पन्हळी पत्र्यावरून गाडी चालवल्यासारखं वाटतं, बोल्ट ढिले होतात, टायरच्या कडा कापल्या जातात. पाऊस झाला तर चिखलाने रस्ता बंद करतात आणि बंद रस्त्यावर गेलात तर जबर दंड. लेक एअर मलाही फार प्रिय आहे, पण सहा माणसं भरलेल्या भाड्याच्या गाडीने नको. बाबांना फारच हौस असेल तर कूबर पीडीहून छोट्या विमानातून दाखवतात, त्याची चौकशी करा.

स्टेपनी पूर्ण मापाची आहे का ते गाडी ताब्यात घेताना बघा, आणि एकदा अंगणात चाक बदलून बघा. रोडट्रेन ५३ मीटर लांब असते, एसटीच्या चार बसगाड्या एकामागे एक लावल्या तरी थोडी उरते. तिला ओलांडायला समोर दीड किलोमीटर तरी रिकामा रस्ता दिसला पाहिजे. घाई नसेल तर ओलांडूच नका, चहाला थांबा. मेलेल्या कांगारूवर गरुड बसलेले दिसले की वेग कमी करा. जड पक्षी आहे, पटकन उडत नाही, काचेवर येतो.

खाण्याचं सोपं आहे. सोलापूरची कडक भाकरी आणि शेंगाचटणी, या प्रवासासाठी याच्यापेक्षा चांगलं अन्न मला अजून सापडलेलं नाही. दहा दिवस टिकते, तापवावी लागत नाही, आमटीत चुरली की मुलंही खातात. भाजणी घ्या, मेतकूट घ्या, पिठल्याचं बेसन घ्या. मात्र ताजी फळं, टोमॅटो, हिरव्या मिरच्या मेलबर्नहून नेऊ नका. फळमाशी येऊ नये म्हणून साउथ ऑस्ट्रेलियात त्यांना बंदी आहे, हद्दीवर टाकून द्यायला लागतं, लपवलं तर दंड. ते सगळं अ‍ॅडलेडला घ्या. पाणी माणशी रोज पाच लिटर नुसतं पिण्या-रांधण्याला धरा, आणि दोन दिवसांचं जास्तीचं वेगळ्या कॅनमध्ये ठेवा, ज्याला हात लावायचा नाही.

---

रानजाई

मी अ‍ॅलिस स्प्रिंग्सला आठ वर्षं नर्स म्हणून काम केलं. बार्शीकरांच्या प्रत्येक ओळीला माझं अनुमोदन. थोडी भर घालते.

काकूंच्या गोळ्या दोन वेगवेगळ्या बॅगांत ठेवा, आणि औषधांची यादी इंग्रजीत लिहून गाडीच्या कप्प्यात. जोडीला आपत्कालीन संदेश पाठवणारा बीकन नक्की घ्या. बटण दाबलं की उपग्रहामार्फत बचाव यंत्रणेला तुमची जागा कळते, फोनला रेंज नसली तरी चालतं. १९२८ साली सुरू झालेली ‘रॉयल फ्लाइंग डॉक्टर सर्व्हिस’ या सगळ्या प्रदेशाला विमानाने डॉक्टर पुरवते. स्टुअर्ट हायवेवर काही ठिकाणी रस्त्यावर आडवे पांढरे पट्टे आणि विमानाची पाटी दिसेल. तिथे गरज पडली तर विमान थेट हायवेवर उतरतं. तुमच्या मुलाला ते पट्टे शोधायला सांगा, तास चांगला जाईल.

गाडी बंद पडली तर गाडी सोडून कुणीही चालत जायचं नाही. वरून गाडी दिसते, माणूस दिसत नाही. आणि थंडी कितीही असली तरी बंद तंबूत किंवा गाडीत शेगडी पेटवून ऊब घेऊ नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच माणूस जातो.

नॉर्दर्न टेरिटरीत काही पंपांवर साध्या पेट्रोलऐवजी ओपल नावाचं पेट्रोल मिळेल. आडवळणाच्या वस्त्यांतली मुलं पेट्रोल हुंगून आयुष्यातून उठत होती, म्हणून हुंगून नशा होणार नाही असं ते बनवलंय. साध्या पेट्रोलवर चालणाऱ्या गाडीला ते बिनधास्त चालतं.

कर्टिन स्प्रिंग्सच्या अलीकडे डावीकडे सपाट माथ्याचा डोंगर दिसला की सगळे ‘आलं उलुरू’ म्हणून ओरडतात. तो माउंट कॉनर. उलुरू अजून बरंच पुढे आहे. ते ३४८ मीटर उंच आहे, पण वर चढायचं नाही. २६ ऑक्टोबर २०१९ पासून चढाई कायमची बंद आहे. आनांगू या तिथल्या मूळ रहिवाशांसाठी ती जागा पवित्र आहे, १९८५ मध्ये त्याच तारखेला सरकारने जमीन त्यांना परत दिली. पायथ्याच्या काही भागांचे फोटो काढू नयेत अशा पाट्या आहेत, त्या पाळा. आपण पंढरपूरला गाभाऱ्यात जसे वागतो तसं. पूर्ण फेरी दहा किलोमीटरची आहे. काकूंना माला वॉक ही पायवाट करू द्या, जाऊन-येऊन दोन किलोमीटर, सपाट, चाकाची खुर्चीही जाते. मुटिटजुलूच्या पाणवठ्याची वाट त्याहून छोटी. सावलीतलं ते पाणी बघून माझी आई बराच वेळ काही बोलली नव्हती.

आणि रात्री साडेनऊच्या सुमाराला काकांना बाहेर न्या. त्यांना नक्षत्रं ओळखता येत असतील तर सांगते, ज्येष्ठा जवळपास बरोबर डोक्यावर असते. आपल्याकडे वृश्चिक दक्षिणेला खाली कललेला दिसतो, तिथे सगळा विंचू माथ्यावर पसरलेला. आकाशगंगेतल्या काळ्या पट्ट्यांत इथल्या आदिवासींना इमू पक्षी दिसतो. एकदा कुणी दाखवला की आपल्यालाही दिसतो.

---

कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. बार्शीकर, तुमची ३० किलोमीटरची हकिगत मी घरात मोठ्याने वाचून दाखवली. वाचून झाल्यावर बाबा उठले, नकाशावरच्या तिन्ही रेघा पुसल्या आणि नवीन वेळापत्रक लिहायला घेतलं. प्रत्येक मुक्कामापुढे सूर्योदय-सूर्यास्ताची वेळ आणि ‘शेवटचा थांबा ४.००’ असा रकाना. म्हणाले, रातराणी बंद.

यूलाराला तीन रात्री मिळाल्या, एक केबिन आणि एक तंबूची जागा. कूबर पीडीच्या जमिनीखालच्या दोन खोल्या घेतल्या. लेक एअर यावेळी नाही. कडक भाकरी सोलापूरहून यायला वेळ नाही, पण आई म्हणते मी करते, ज्वारीचं पीठ इथे मिळतं.

एक छोटा प्रश्न राहिला. आईला ऊन सहन होत नाही, डोकं दुखतं. गाडीत कुठल्या बाजूला बसवावं?

---

तिकोना

आम्हाला काही झालं नाही म्हणून मी तसं लिहिलं होतं. लहान मुलं आणि वडीलधारी माणसं सोबत असताना रात्रीचं चालवू नका, माझा सल्ला मागे घेतो.

---

बार्शीकर

कृष्णाकाठ, बाबांना माझा नमस्कार सांगा.

इथे सूर्य उत्तरेकडून जातो, हे आपल्या डोक्यात बसायला वेळ लागतो. हिवाळ्यात तर तो खालूनच फिरतो. तुम्ही उत्तरेला चालला आहात, म्हणजे भर दुपारी ऊन पुढच्या काचेतून चालवणाऱ्याच्या डोळ्यांवर. दोघांनाही चांगला काळा चष्मा घ्या. दुपारनंतर ऊन डावीकडून येतं, तेव्हा आईंना मधल्या रांगेत उजव्या खिडकीपाशी बसवा आणि डावीकडच्या काचेला पातळ सुती पंचा लावा. येताना दोन्ही उलट.

एरल्डंडाला मात्र रस्ता पश्चिमेला वळतो. ते शेवटचे २४५ किलोमीटर दुपारी केलेत तर सूर्य सतत समोर आणि मुलं कंटाळलेली. म्हणून आदल्या रात्री एरल्डंडालाच राहा, सकाळी साडेआठला निघा. ऊन पाठीशी असेल, माउंट कॉनर उजळलेला दिसेल, आणि जेवायच्या वेळेला यूलारात पोहोचाल.